राखणीची कोल्ही

धोंडीआत्याच्या ओटीत दगड असायचे. बाकीच्या बायकांच्या ओटीत खण-नारळ पडतो, तांदूळ पडतात. ही समुद्रावरून गुळगुळीत दगड वेचून आणायची, आवळ्याहून मोठे आणि लिंबाहून लहान, आणि पदर कमरेला खोचून त्यात भरून ठेवायची. विधवा बाई, मूलबाळ नाही. कोणी थट्टा केली तर म्हणायची, "माझी ओटी कोण भरतंय? माझी मीच भरते." तिचं खरं नाव दुसरंच होतं, पण या दगडांवरून गावाने तिला धोंडी केलं आणि तिने ते करून घेतलं. नारळाच्या शेंड्यावरचा कावळा ती खाली उभी राहून पाडायची. तिचा नेम चुकलेला मी पाहिला नाही. एकदा माझ्या पाठीत बसला होता, तोही नेम धरूनच मारलेला.

ती माझ्या बापाची थोरली बहीण. माझी आई मी तीन वर्षांची असताना गेली. बापाने केळव्याची दुसरी बायको केली आणि मला आत्याकडे ठेवून तो तिकडेच राहायला गेला. आत्या मला सांगायची, "बाजारात पिशवी इसरतात ना, तशी तुझ्या बापाने तुला हितं ठेवली. पिशवीसाठी तरी लोक परत येतात." मी रडले की ती ओरडायची नाही. माझं रडून होईपर्यंत बघत बसायची आणि मग म्हणायची, "झालं? आता भांडी घास." पण तिच्या घरी मी उपाशी झोपले नाही, हेही लिहायला हवं. दोन वेळा जेवण आणि एक वेळ मार, दोन्ही वेळेवर मिळायचं.

तिच्याकडे वीस-बावीस कोंबड्या होत्या. दुसऱ्यांच्या वाडीत ती सकाळपासून दुपारपर्यंत मिरच्या-वांग्यांना पाणी घालायला जायची, पण जीव सगळा या कोंबड्यांत. जीव म्हणजे माया नव्हे. कोंबडीला ती नाव ठेवू देत नसे. "नाव दिलं की सुरी बोथट होते," म्हणायची. मी एका पांढरीला गुपचूप चांदी म्हणत होते. ते तिच्या कानावर गेलं. रविवारी तिने तीच कापली आणि पिसं काढायला मला बसवलं. मलाही ती 'पोरी' म्हणायची. माझं नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

ही साठ सालानंतरच्या वर्षांतली गोष्ट. आमचं घर नवापूर आणि तारापूरच्या मधे, गावाच्या टोकाला. मागे खाडीतल्या तिवरांची झाडी आणि करवंदीची जाळी. त्यात कोल्हे पहिल्यापासून होते, पण ते चोरासारखे यायचे. पुढे किनाऱ्याला वीज तयार करायच्या कारखान्याचं काम निघालं. सुरुंग फुटू लागले, रान मोकळं झालं, आणि कोल्हे दिवसाउजेडी पाहुण्यासारखे येऊ लागले. एकदा मी भांडी घासत होते, तर एक येऊन समोर बसला. मी पळी फेकून मारली. तो बाजूला सरकला आणि पुन्हा बसला. आत्या घरी असली की एकही फिरकत नसे. ती वाडीत आणि मी शाळेत, ही वेळ त्यांना बरोबर कळली होती. शेजारची मथुरीकाकी म्हणाली, "कुत्रा पाळ की गं." आत्या म्हणाली, "कुत्र्याला भाकरी लागते. पोरगी तशीबी खातेच."

शिमगा झाला आणि आठवड्यात चार कोंबड्या गेल्या. पाचवीची नुसती पिसं कुंपणात अडकलेली सापडली. त्या दिवशी आत्याने माझं दप्तर वर आढ्याला टांगलं. "उद्यापासून राखणीला बस."

मी चौथीत होते. परीक्षा महिन्याच्या आत होती आणि तालुक्याहून साहेब येऊन ती घेणार होते. मला अभ्यास येत होता. दुसरं काहीच मला चांगलं येत नव्हतं. मास्तर स्वतः घरी आले.

"आत्याबाई, पोर हुशार आहे. एवढी परीक्षा तरी देऊ द्या."

"द्यायची ना. तुमी या राखायला. ती तिकडं लिहील, तुमी हितं दगड मारा."

"चेष्टा नको. वर्ष फुकट जाईल तिचं."

"माझ्या पाच कोंबड्या गेल्या त्या काय परीक्षेला बसल्यात?"

मास्तरांना हसू आलं. आत्याने त्यांच्या हातावर दोन अंडी ठेवली. ती घेऊन ते गेले. त्या दिवशी मला कळलं की माझ्यासाठी भांडणारं कोणी नाही. कोल्हे संपले तरच मी शाळेत जाणार.

कोल्हे कसे संपवायचे हे आत्याला माहीत होतं. कारखान्याच्या कामावरून कोणीतरी टाकून दिलेली पोलादी तार तिने आणली आणि कुंपणाच्या भगदाडात तिचा फास लावला. आमिषाला कोंबडी हवी, पण ती जागच्या जागी फडफडायला हवी. एक म्हातारी कोंबडी तिने माझ्या हातात दिली. "पंख धर. मान नको, पंख." मी धरले. आत्याने तिचा पाय ओल्या काटकीसारखा पिळून मोडला. मी डोळे मिटले, तर तिने टपली मारली. "बघ. पुढच्या येळी तुला करायचंय."

दुपारच्या आत कोल्ही सापडली. पुढचा पाय तारेत, आणि तार हाडापर्यंत गेलेली. मी धावत कोयता आणला. आत्या म्हणाली, "ठेव तो." तिने ओलं गोणपाट कोल्हीच्या तोंडावर टाकलं, तिच्या पाठीवर गुडघा रोवला आणि मला तिच्या गळ्यात बैलाची साखळी अडकवायला लावली. दुसरं टोक कुंपणाजवळच्या ताडाच्या खुंटाला बांधलं. मग गोणपाट काढलं. कोल्ही जी ओरडायला लागली ती संध्याकाळपर्यंत ओरडत होती.

मथुरीकाकी आली. "मारून टाक गं बाय. मुकं जनावर, पाप लागंल."

"मुकं कुठं हाय? ऐक की."

"धोंडे, चेष्टा नाय करत."

"मीबी नाय करत. मेलेला कोल्हा दोन दिवस वास मारतो आणि संपतो. ही जित्ती राहील तवर बाकीच्यांना सांगंल, हितं येऊ नका म्हणून. तू तुझ्या घरचं पाप बघ, हे माझ्या घरचं हाय."

आणि खरंच कोल्हे येईनासे झाले. तीन दिवस गेले, एकही कोंबडी कमी झाली नाही. चौथ्या दिवशी मी विचारलं, "आत्या, शाळेत जाऊ?"

तिने कोल्हीकडे बघितलं. "जा. जित्ती हाय तवर जा. मेली की राखणीला बसायचं."

मग मी कोल्हीला जगवायला लागले. सकाळी करवंटीत पाणी ठेवायची, दुपारी शाळेतून आले की तिच्यावर झावळीची सावली सरकवायची. तिचा पाय सुजून काळा पडला होता, माश्या बसत होत्या. कोयत्याचा एक घाव तिला पुरला असता आणि तो मी घालू शकले असते. मला तिची दया आली असं लिहिलं तर खोटं होईल. ती तडफडत होती तोवर मी भागाकार करत होते.

पाणी ती प्यायची, पण मी टाकलेला भाकरीचा तुकडा तसाच राहायचा. तरी ती मरेना. एका सकाळी मला तिच्याजवळ चिंबोरीच्या, म्हणजे खेकड्याच्या, नांग्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी उंदराची शेपटी दिसली. तिवरांतून कोणीतरी तिला आणून देत होता. तिचा नर असणार. आमच्या खुराड्याला तो तोंड लावत नव्हता. यायचा, तिला द्यायचा आणि जायचा. मी सकाळी उठून त्या नांग्या आत्याच्या आधी गोळा करून राखेत पुरायला लागले. तो होता म्हणून ती जगत होती आणि ती जगत होती म्हणून माझी शाळा चालू होती.

पण आत्याच्या नजरेतून काय सुटणार? राख तीच उपसायची. एका पहाटे उजाडता उजाडता मी बाहेर आले, तर ती झावळ्यांच्या ढिगाआड बसलेली. मला तोंडावर बोट ठेवून थांबवलं. नर आला. तोंडात चिंबोरी होती, ती अजून पाय हलवत होती. मी हळूच म्हटलं, "आत्या, तो कोंबड्यांना हात लावत नाय."

"म्हणून सोडू?"

एकच दगड. कपाळावर बसला. नर खाली पडला, दोनदा पाय झाडले, संपला. तोंडातली चिंबोरी सुटली आणि तिरकी तिरकी चालत कुंपणाखालून निघून गेली. आत्याने नराला शेपटीला धरून तिवरांत फेकून दिलं आणि ती वाडीवर निघून गेली.

त्या दिवसापासून कोल्ही ओरडली नाही. पाणीही बंद केलं. मी करवंटी तिच्या तोंडाशी धरली, तर तिने मान फिरवली. परीक्षा तीन दिवसांवर होती. मी आत्याला सांगितलं नाही, तिला दिसलंच. संध्याकाळी ती कोल्हीसमोर उकिडवी बसली. जी बाई स्वतः कधी अंडं खात नसे, तिने एक अंडं फोडून करवंटीत ओतलं आणि पुढे सरकवलं.

"खा गं रांडे. नवरा मेला म्हणून कोण मरतं? मी मेले?"

कोल्हीने तिच्याकडे बघितलं नाही. आत्या बराच वेळ तिथे बसली होती. अंधार पडायला लागला तेव्हा मलाच भाकऱ्या थापाव्या लागल्या.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी बाहेर आले तर कोल्ही मेलेली होती. पाय ताठ, डोळ्यांत मुंग्या. मी तिच्यापुढे उभी राहिले. बोली बोली होती, मेली की राखणीला. आत्या माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिने पायाने कोल्हीला ढोसलं. ती लाकडासारखी अख्खी हलली.

"जित्ती हाय," आत्या म्हणाली.

"मेलीय आत्या."

"तुला काय कळतंय? मी सांगते ना, जित्ती हाय. जा."

"आत्या, मुंग्या..."

"जातेस का घालू पाठीत?"

मी गेले. परीक्षा दोन दिवस होती. ते दोन्ही दिवस आत्या वाडीवर गेली नाही, दारात बसून होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत आले तेव्हा सगळ्या अंगणात दुर्गंधी पसरली होती, घोंघावत्या माश्यांनी ताडाचा खुंट काळा दिसत होता, आणि मथुरीकाकी नाकाला पदर लावून शिव्या देत होती. आत्याने मला विचारलं, "झाली परीक्षा?" मी हो म्हटलं. ती उठली, साखळी सोडली आणि म्हणाली, "आत्ता मेली बघ."

निकाल सांगायला मास्तर आले. मी वर्गात पहिली आले होते. आत्याने त्यांना पाणी दिलं आणि वाटेला लावलं. पाचवीची शाळा तारापूरला होती. मी दोन दिवस मनात घोकून तिसऱ्या दिवशी विचारलं, "आत्या, पाचवीला जाऊ?"

ती तांदूळ पाखडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"चौथीला दोन मारले. पाचवीला किती मारू?"

 मी राखणीला बसले. लग्न होऊन शिरगावला जाईपर्यंत बसले. निघताना मी तिच्या पाया पडले, तर ती म्हणाली, "तिकडं रडू नको, लोकांना सवय लागते." ती गेली तेव्हा मी पोचले, तिला आंघोळ घातली, आणि रडले नाही. रडावं म्हणून मथुरीकाकीने दंडाला चिमटा काढला तरी नाही.

माझ्या दोन्ही मुली बारावी पास झाल्या. त्यापायी मी काय काय मारलं, ते मी त्यांना सांगितलेलं नाही.