गोधडीचं दुसरं टोक

आज धुतलेली गोधडी पिळायला दुसरं माणूस नव्हतं, म्हणून मी तिचं एक टोक बाल्कनीच्या गजाला बांधलं. ओल्या सुती कापडाचा वास आला आणि सापगावचं आमचं अंगण आठवलं.

तेव्हा मी बारावीला होते. इंटरनेट फोनच्या तारेवरून यायचं. जोडताना मोडेम किंचाळायचा, आणि कोणी रिसीव्हर उचलला की सगळं तुटायचं, म्हणून आई फोनवर टॉवेल टाकून ठेवायची. त्या दिवशी संतुलित बलांचं एक चित्र पडद्यावर पट्टी पट्टी करत खाली उतरत होतं. तेवढ्यात अंगणातून आईची हाक आली, "ते येल तवा येल. तू गोधडी धर गो."

दोघींनी गोधडीला पीळ घातला आणि मागे रेलून ओढली. "वड गो जोरात, नायतर मी पडन!" आई हसत होती. दोन्हीकडून सारखाच जोर, कोणीच जागचं हलेना. चित्र पुरतं उतरायच्या आधीच मला ते कळलं होतं.

मी ओढते तेवढंच हा गजही ओढतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण तो हसत नाही. आणि मी हात सोडला, तर पडायला समोर कोणी नाही.