पावडरकाकांचा टब

पोहण्याच्या तलावावरची पोरं त्यांना पावडरकाका म्हणायची. खरं नाव विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. रोज सकाळी पांढरी पावडर पाण्यात सोडायची आणि त्या पाण्यात माणसाखेरीज काही जगणार नाही याची काळजी घ्यायची, हेच त्यांचं काम. एखादा किडा तरंगताना दिसला, तरी घरात चोर शिरल्यासारखे काका जाळी घेऊन धावायचे.

त्या पावडरीच्या वासानं काकूंना खोकल्याची उबळ यायची. त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्या कधी तलावावर फिरकल्या नव्हत्या आणि घरीही काका चार हात लांबच बसायचे.

मग पंप बिघडला, तलाव बंद झाला. काकांकडे फक्त किल्ल्या उरल्या. पावडर थांबली, उरलासुरला वास उन्हानं उडवला. कडेच्या झाडांची पानं पाण्यात पडून कुजली, भिंतींवर शेवाळ धरलं. बेडकांनी अंडी घातली, शेवाळ खात बेडूकमासे वाढू लागले आणि त्यांच्यावर डोळा ठेवून पाणकिडेही. काका हैराण! काकू मात्र डबा घेऊन येऊ लागल्या. दोघं काठावर पाय सोडून जेवायची, बेडूकमासे बघत बसायची. एवढ्या गप्पा तर त्यांनी तरुणपणीही मारल्या नव्हत्या. काकांना ते मनापासून आवडायचं, पण कबूल कोण करणार?

पंप दुरुस्त झाला. सोमवारी तलाव उघडायचा, असा साहेबांचा निरोप आला. काकूंचं तोंड एवढंसं झालं.

“थोडे घरी नेऊ,” काका म्हणाले. उत्साहाच्या भरात त्यांनी जुना टब पावडरीनं घासून लख्ख केला, नळाचं स्वच्छ पाणी भरलं आणि बेडूकमासे सोडले. संध्याकाळपर्यंत सगळे उलटे तरंगत होते. काकांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“अहो, पाहुणे आणलेत, त्यांचं घर तिकडेच राहिलं,” काकू म्हणाल्या. “आता ती घाण आणा.”

“घाण?”

“तुम्ही जिला घाण म्हणता ती. पानं, चिखल, शेवाळ, तेच पाणी. बसायला दोन दगडही आणा. आणि टब मी धुते, तुम्ही हात लावू नका.”

काकांनी बादल्या वाहिल्या, शेवटच्या बादलीतून नवे बेडूकमासे आणले. शेजारी हसले. टब दारापाशी ठेवला, थोडं ऊन, थोडी सावली बघून.

सोमवारी तलाव निळाशार झाला. तिथं मागे राहिलेल्यांचं काय झालं, हे काकूंनी विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही.

डबा पुन्हा एकट्यानं खायचा आला. काकांना घास गोड लागेना.

एके दिवशी ते कामावरून परतले, तर काकू दारातूनच ओरडल्या, “लवकर या! एकाला पाय फुटलेत!”

काका धावत आले, टबावर वाकले.

“हात लांब!”

त्यांनी शाळकरी पोरासारखे हात पाठीमागे बांधले आणि काकूंना खेटून बसले. अंगाला पावडरीचा वास होताच. काकूंना उबळ आली. काका ओशाळून उठू लागले.

“बसा हो,” काकू खोकतखोकतच म्हणाल्या. “मला होईल सवय.”