फ्रीजरमधल्या गारा

फ्रीजर साफ करताना मला हमखास शेजारीण आठवते. जर्मनीत नेकारसुल्मला राहत असताना गारपिटीने आमच्या दोघींच्याही छपरांची कौलं फुटली होती. विम्याचा माणूस पाहणीला येणार म्हटल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, घरी कोणी येतंय, हे असं दिसायला नको." त्यांनी तळघरातली शिल्लक कौलं बसवली, मी तुकडे झाडून फेकले, चहा-चिवडा मांडला. तो माणूस चिवडा खाऊन म्हणाला, "आल्झो, तर मग, नुकसान कुठंय?" शेजारणीने कशालाच हात लावला नव्हता, उलट फ्रीजरमध्ये जपलेल्या अंड्याएवढ्या गारा त्याच्यापुढे ठेवल्या. तिला अख्खं छप्पर नवं मिळालं, लालभडक, माझ्या ओट्यासमोरच्या खिडकीतून रोज दिसणारं. अजूनही आभाळ दाटलं, की मी आमच्या कौलांना पुटपुटते, "फुटा की एकदाची!"