पोर्टसोबत खुरासणी

टोकावड्याच्या पुढे, घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका रिसॉर्टवर चुलीच्या भाकऱ्या मी करते. माझी शाळा सातवीत सुटली. घर तळकोकणात, लेक आईपाशी. इतक्या लांब येऊन हाताला चूल लागली हे माझं भाग्यच, आणि ती कधी हातून जाईल हा धाकही रोजचाच. म्हणून मुंबईहून आलेले सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "ज्यांना चवीतलं कळत नाही, त्यांनी रविवारपासून भांड्यांकडे जायचं," तेव्हा माझी नजर आधी भांड्यांच्या मोरीकडे गेली.

बारचं लायसन नुकतंच झालं होतं. कुठल्या दारूबरोबर कुठला पदार्थ द्यायचा, त्याचा तक्ता करायला मालकीणबाईंनी सरांना बोलावलं होतं. त्यांनी टेबलावर तीन ग्लास मांडले. रम, करवंदाच्या सरबतात मिसळलेली जिन आणि पोर्ट. पोर्ट म्हणजे ब्रँडी घालून जड केलेली गोड वाइन.

माझ्यासोबत घाटाखालच्या पाड्यावरची मावशी होती. इकडचं जेवण मला तिनेच शिकवलं. मी आले तेव्हा खुरासणी म्हणजे काय, हेही मला ठाऊक नव्हतं. माळावर पिवळ्या फुलांनी डोलते, तिचं हे काळं बारीक तेलबी, हे तिनेच दाखवलं. तिचे उपकार कुठे फेडू?

"घोट घ्या, तोंडात फिरवा आणि थुंका," सर म्हणाले.

"थुकायचाच व्हता तं इतक्या लांबून आनला कशाला, सर?" मावशीने रम गिळली. "ही आमच्या मोहाची धाकटी बहीन. पन लाजते."

मी ग्लास नुसता धरून उभी. बाईमाणूस दारू चाखतं हे गावी कळलं तर काय, हाच विचार. पण भांड्यांची मोरीही डोळ्यांपुढे होती. रम ओठांना लावली आणि म्हटलं, "हिच्याबरोबर निखाऱ्यात भाजलेलं रताळं." सरांनी मान वर न करता लिहून घेतलं. मग पोर्ट नाकाशी नेली, आणि ती मला चाखावीच लागली नाही.

"हिला चॉकलेट," सर आपणच म्हणाले. "जगभर तेच देतात."

"नाय सर. गोडावर गोड गेलं की दोन्ही मरतात."

मावशीसोबत राहून माझ्याही तोंडात 'नाय' बसलाय. सरांनी पेन खाली ठेवलं.

"तू कधी प्यायलीस पोर्ट?"

"प्यायले. बाळंतपणात."

मावशी हसली. सर हसले नाहीत.

आमच्या घरी बाळंतिणीला संध्याकाळी दोन चमचे पोर्ट देतात. आई म्हणायची, "घे गो, अंगाक ऊब येतली." वर मऊ भात आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याची, लसणाची खारट चटणी. त्या भाजक्या खारटावर ती गोडी कशी बसायची, ते जिभेला आजही पाठ आहे. शाळेतलं काहीच एवढं पाठ नाही.

म्हटलं, करूनच दाखवते. खोबऱ्याऐवजी इकडची खुरासणी भाजली, लसूण, मीठ, लाल मिरच्या घालून पाट्यावर वाटली, तांदळाच्या गरम भाकरीवर ठेवली. सरांनी घास घेतला, वर पोर्टचा घोट, आणि त्यांना ठसका लागला.

"बघ. दारू तिखटाला पेटवते. पुस्तकात पहिल्या पानावर आहे हे."

पुस्तक बरोबर होतं, तेवढं मी कबूल केलं. पण चुकली होती मिरची, जोडी नव्हे. दुसऱ्यांदा वाटताना मिरची टाकलीच नाही. मीठ वाढवलं, तेलाची धार सोडली. सरांनी एक तुकडा खाल्ला, घोट घेतला. मग न विचारता दुसरा तुकडा मोडला.

तक्त्यात त्यांनी चॉकलेटवर काट मारली. वर बजावलं, "पाहुण्यांपुढे बाळंतपण काढायचं नाही. लोक जेवायला येतात इथे. सांगायचं ते मी सांगेन. तोंड उघडलंस तर भांडी."

रविवारी दुपारी पाहुणे चुलीभोवती जमले. एक पांढऱ्या केसांच्या बाई चटणी-भाकरी खाऊन पोर्ट पीत होत्या.

"हे कुणाला सुचलं?" त्यांनी विचारलं.

सर खुरासणीचं इंग्रजी नाव घेत पुढे झाले. "नायजर सीडचा हलका कडवटपणा..."

बाई माझ्याकडेच पाहत होत्या. माझे हात पिठात होते. एरवी मी गप्प बसले असते. पण ती चव मला कुणी पुस्तकातून दिली नव्हती, आणि लाज वाटावी असं त्यात काय होतं?

"सुचलं नाही बाई. लेकीच्या वेळी आईने मला चमच्याने पोर्ट पाजली. भाजक्या खारटावर तिची गोडी खुलते, हे तिथं कळलं. खुरासणी ह्या मावशीची."

सरांची नजर माझ्यावर होती.

"आम्हाला बाई नुसता बाळंतशेपा चावायला दिला," बाई म्हणाल्या आणि ग्लास पुढे केला. "अजून थोडी घाला. आणि भाकरी."

मी वळून तव्यावरची भाकरी उलटली. आता सर येतील, ऊठ म्हणतील, म्हणून कान मागेच होते. उठायचं नाही, एवढं मात्र ठरलं होतं.

"थाप गो, बघतेस काय," मावशी म्हणाली.

मी पुढचा गोळा हातात घेतला.