नव्या भाताची पंगत

नव्या तांदळाला एक वास असतो. ओलसर, दुधाळ, किंचित गवताचा. आधणाला पहिली उकळी फुटली की तो आधी स्वयंपाकघरात दरवळतो, मग ओटीवर येतो आणि मग नकळत मनाच्या कुठल्याशा कोपऱ्यात जाऊन बसतो. आश्विन सरता सरता डहाणूच्या बाजारात लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताचा तांदूळ उतरतो आणि माझ्यासारख्या खादाड बाईला मग शास्त्र सुचत नाही की पथ्य. गिचका भात, वर तुपाची धार, कडेला लिंबाची फोड! याहून वेगळा मोक्ष कुणाला हवा आहे? पण गेली दोन वर्षं हा वास आला की माझा हात झाकणावरच थबकतो. का, ते तुम्हाला सांगायलाच हवं.

चैतीमाय दर गुरुवारी गंजाडहून एस.टी.ने यायची. टोपलीत ऋतुमानाप्रमाणे कधी करटोली, कधी शेवग्याचा पाला, कधी वालाच्या शेंगा. सत्तरी ओलांडलेली, काटक आणि जिभेने फटकळ. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, तिचा थोरला मुलगा माझ्याच हाताखाली शिकलेला, म्हणून मी ‘बाई’. पण अहो-जाहो मात्र तिच्या बोलण्यात कुणालाच नव्हतं. मी शेंगा निवडायला बसले की म्हणायची, “निवडतेस काय एवढी, जावई बघतेस का?” वीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि यापुढेही असंच चालेल, असं मी धरून चालले होते.

त्या वर्षी आमच्या ग्रंथालयाने माझ्याकडे व्याख्यान मागितलं. विषय होता ‘धर्म म्हणजे काय?’ झालं! मी जाड वही उघडली आणि व्याख्या वेचायला लागले. जो धारण करतो तो धर्म. कर्तव्य म्हणजे धर्म. उपासना म्हणजे धर्म. कुणी म्हणे तो भयातून जन्मला, कुणी म्हणे विस्मयातून, आणि कुणी त्याला समाज बांधून ठेवणारी दोरी म्हणे. किती प्रज्ञावंतांनी किती शतकं या एका शब्दाभोवती प्रदक्षिणा घातल्या! पानांमागून पानं भरत होती आणि मला स्वतःच्या विद्वत्तेचं मोठं कौतुक वाटत होतं. एका गुरुवारी गंमत म्हणून मी चैतीमायलाही विचारलं. ती म्हणाली, “मना काय ठावं? भाजी घे, माझी गाडी जाईल.”

त्याच दिवशी मी तिच्यापुढे नव्या भाताचं ताट ठेवलं. तिने ते हळूच बाजूला सारलं. घरचं नवं झालं नव्हतं अजून. शेतातला नवा तांदूळ आधी कणसरीला, त्या धान्याच्या आईला दाखवायचा, मग सगळ्या घराने एका पंगतीत बसून खायचा. तोवर नवा दाणा तोंडात घालायचा नाही, मग तो कुणाच्याही घरचा असो. घरातलं एक माणूस जरी पंगतीला कमी असलं तरी नवं होत नाही, अशी तिच्या सासरची रीत होती. मी हसून म्हटलं, अगं, हा बाजारातला तांदूळ, याची कणसरी कुठून शोधायची? ती हसली नाही.

तिचे दोन मुलगे होते. थोरला रविवारच्या प्रार्थनेला जाऊ लागला होता; देवाला दाखवलेलं अन्न त्याला चालेना. धाकट्याने गळ्यात माळ घातली होती. कोंबडं आणि ताडी असलेल्या पूजेची सावलीही त्याला नको होती, आणि थोरल्याच्या पंक्तीला बसणंही नको होतं. दोघांचीही दारू सुटली होती, दोघेही बायकोमुलांशी नीट वागत होते. वाईट म्हणावं असं एकातही काही नव्हतं. आणि म्हणूनच तिला कुणावर रागावताही येत नव्हतं. भात कणग्यात भरून ठेवलेला आणि म्हातारी नाचणीची भाकर खात दोघांच्या दारांमध्ये हेलपाटे घालत होती.

मी दर गुरुवारी विचारायची, झालं का नवं? आणि दर गुरुवारी ती एक पायरी खाली उतरलेली असायची. दिवाळी उलटल्यावर म्हणाली, कोंबडं नको, ताडी नको, देवाला नारळावर भागव म्हणून सांगितलंय. नारळही थोरल्याला चालला नाही. होळीच्या सुमारास आली ती भाजी खाली न ठेवताच म्हणाली, “देवाला दाखवीत पण नाय आता. पोरांना सांगितलं, देव राहू द्या, तुमी दोघं बसा फक्त.”

काय बोलून गेली होती ती! जिच्या आयुष्याला त्या देवांचा आधार होता, तिने ते देवसुद्धा बाजूला ठेवले, पंगत तेवढी सोडली नाही.  आणि मी काय केलं, ठाऊक आहे? वही उघडून ते वाक्य लिहून घेतलं.

जाताना ती उंबऱ्यात घुटमळली. तू एकदा गंजाडला ये, म्हणाली. थोरला तुज्या शब्दाला मान देल. मी म्हटलं, येते की, एवढं व्याख्यान होऊ दे. व्याख्यान झालं. ते वाक्य मी शेवटी ठेवलं होतं. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे भाचीचं लग्न निघालं, मग माझे गुडघे धरले, मग उन्हं फार चढली. डहाणूहून गंजाड किती दूर हो? पण निघायचंच नसेल तर उंबरासुद्धा लांब असतो. चैत्र सरता सरता एक गुरुवार रिकामा गेला, मग दुसरा. तिसऱ्या गुरुवारी गंजाडची दुसरी एक भाजीवाली सांगत आली की तापाने चार दिवसांत चैतीमाय गेली.

तिच्या दिवसकार्याच्या जेवणाला मी गेले. हो, त्या दिवशी बरी गाडी मिळाली मला! अंगणात मांडव होता, पानं मांडली होती, आणि एकाच ओळीत थोरला आणि धाकटा मांडीला मांडी लावून बसले होते. दोघांचे डोळे सुजलेले. एवढ्या माणसांना पुरेल असा दुसरा तांदूळ घरात नव्हता, म्हणून सुनांनी सासूचा कणगा उघडला होता. भात वाढला गेला आणि तोच तो वास आला, मुरल्यामुळे थोडा मंदावलेला. धाकटी सून माझ्या पानावर वाकली आणि पुटपुटली, “बाई, आईने ठेवलेलं नवं हेच.” थोरल्याने ते ऐकलं. त्याचा घास हातातच राहिला. धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं, खाली पाहिलं, आणि मग दोघेही रडत रडत जेवले. त्या दिवशी कुठल्याच देवाची हरकत नव्हती.

मीही जेवले. पानावरून उठायची लाज वाटली. तिने सहा महिने फक्त एवढंच मागितलं होतं, आणि माझ्या एका फेरीत ते मिळालं असतं की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही.

परवा ग्रंथालयातून फोन आला. त्याच विषयावर पुन्हा बोला, लोकांना फार आवडलं होतं, म्हणाले. मी म्हटलं, मला त्यातलं काही ठाऊक नाही हो. त्यांना तो माझा विनय वाटला.

आज गुरुवार आहे. चुलीवर नवा भात रटरटतोय, ओलसर, दुधाळ वास घरभर पसरलाय. मी दोन ताटं घेतली आहेत आणि दाराकडे तोंड करून बसले आहे. गंजाडची गाडी याच सुमाराला येते.