साक्षीचं शेवटचं पान

आमच्या भागात पास्टर पुष्कळ, पण लिहिणारे एकटे माझे पप्पा. काल्हेरच्या गोडाऊनमध्ये माल तपासायची ड्युटी करायचे आणि घरी आले की वही उघडून पाप, कृपा, तारण यांवर लिहीत बसायचे. बायबल कॉलेजचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून आमचे पास्टर त्यांना कौतुकाने 'साधे विश्वासू' म्हणायचे आणि रविवारी त्यांच्याच वहीतलं जसंच्या तसं व्यासपीठावरून सांगायचे. पप्पा समोर सतरंजीवर बसून मान डोलवायचे. माझं डोकं तापायचं. ते म्हणायचे, देवाचं वचन कुणाच्या तोंडून गेलं याला महत्त्व नाही. मी म्हणायचे, मग एकदा तुमच्या तोंडून जाऊ द्या की.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, त्यांचं पुस्तक छापायचं ठरवलं. बातमी फुटली आणि धामणकर नाक्यापासून वज्रेश्वरीपर्यंतच्या पास्टरांना एकाएकी साहित्याची गोडी लागली. तिघांनी न मागता प्रस्तावना पाठवल्या, सोबत कोटातले फोटो. भिवंडीच्या उकाड्यात कोट घालणारा माणूस एक तर नवरदेव असतो, नाहीतर पास्टर. पुस्तक मात्र तिघांपैकी कोणीच वाचलं नव्हतं. आमच्या पास्टरांनी निदान शेवटचं प्रकरण वाचलं, कारण ते मम्मीच्या आजारपणाबद्दल होतं.

तिथेच घोडं अडलं. मम्मीसाठी सगळ्या मंडळीने उपास धरून प्रार्थना केली होती आणि तरी ती गेली. आमच्याकडे देवाने काय केलं याची साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस शेवटी बरा व्हावाच लागतो. जे बरे होत नाहीत ते साक्ष द्यायला येतच नाहीत, त्यामुळे आमचं गणित कधी चुकत नाही.

पास्टर घरी आले. चहात खारी बुडवत म्हणाले, लोकांचा विश्वास डळमळेल असं छापता येणार नाही. मग त्यांनी तोडगाही काढला.

"ब्रदर, हॉस्पिटलमध्ये मधे दोन दिवस ताप उतरला होता ना? उठून बसल्या होत्या, पेज घेतली होती. तिथेच प्रकरण संपवा. खोटं तर काहीच नाही त्यात."

मला वाटलं, पप्पा नेहमीप्रमाणे मान डोलवणार. त्यांनी कप खाली ठेवला.

"पास्टर, ती मेली असं लिहिलंच नाही, तर शेवटल्या दिवशी मेलेल्यांतून उठायचं कोणी?"

याचं उत्तर पास्टरांना कुठून सुचणार, ते पप्पांच्या वहीत नव्हतं. ते म्हणाले, यावर आपण प्रार्थना करू. आमच्यात याचा अर्थ 'नाही' असा होतो. पुस्तक बारगळलं, तिन्ही कोटवाले आपापल्या प्रस्तावना परत घेऊन गेले.

मी मात्र हट्टाला पेटले. वह्या उचलल्या, नाक्यावर टाइप करायला टाकल्या आणि झेरॉक्स काढून पंचवीस प्रती बांधून घेतल्या. पास्टरांची जिरवायची एवढाच हेतू होता, खोटं कशाला बोलू. मम्मीचं प्रकरण मी तोवर वाचलंही नव्हतं, धीरच झाला नव्हता. ते वाचलं प्रती घेऊन घरी निघाले तेव्हा, शेअर रिक्षात, बाकीच्या सीटा भरायची वाट बघत.

मम्मी कशी गेली ते मला ठाऊक होतं. मी खाली औषधं आणायला गेले होते, आणि ती पप्पांशी बोलता बोलता शांतपणे गेली. पप्पांनीच तसं सगळ्यांना सांगितलं होतं, आणि इतकी वर्षं मला त्याचाच आधार होता.

शेवटच्या पानावर वेगळंच होतं. मम्मी त्यांना म्हणाली होती, प्रार्थना आता पुरे, जरा माझ्याकडे बघा. त्याखाली पप्पांनी लिहिलं होतं, 'मी म्हणालो, एवढी एक संपवतो. डोळे उघडले तेव्हा ती गेली होती.'