झेरॉक्सच्या दुकानातला आरसा

आमच्या कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. नवा नियम आल्यापासून मुली तिथे थांबून हिजाब काढतात. दुकानदार काकांनी त्यांच्यासाठी भिंतीवर आरसा लावला आहे आणि टाचण्यांसाठी एक वाटी ठेवली आहे.

आज प्रती काढायला गेले, तर माझी विद्यार्थिनी तहसीन आरशासमोर उभी होती. मला पाहताच ओशाळली. "सॉरी मॅडम, दोनच मिनिटं," म्हणाली. माफी कुणी कुणाची मागायची, हा प्रश्न मी गिळला. नियम सगळ्यांना सारखा आहे, असं आमचे प्राचार्य सांगतात. आरशात तिच्यामागे मी दिसत होते, कपाळावर टिकली, गळ्यात मंगळसूत्र. ते काढून ये, असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही.

तासाला मी धर्मस्वातंत्र्याचं कलम शिकवलं. तहसीन मान खाली घालून उतरवून घेत होती. मधूनच तिचा हात कानापाशी जाई, नसलेलं कापड सारखं करी आणि वहीवर परत येई. ते पाहून मी बोलायची थांबले.

"मॅडम, पुढचं वाक्य?" तिने विचारलं.

ते मला पाठ आहे. मी सांगितलं, आणि तिने ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.